पाळीचं ऑइल

"माझ्या पाळीत नाही गळत. गळतं ते मल्ल्याच्याच पाळीत," गॅरेजात पाय टाकताच शिवलिंगअण्णा कडाडला. डाळिंबाचे क्रेट लादलेली पिकअप दोरानं ओढून आणली होती. गिअरच पडत नव्हता.

वाटणीत शेताचे दोन तुकडे झाले, पिकअपचे करता येईनात. मग विहिरीच्या पाण्यासारखी तिचीही पाळी लागली. एक दिवस अण्णाचा, एक धाकट्या भावाचा, मल्लिनाथचा. पुढं गिअरबॉक्सचं सील गळायला लागलं आणि ते बदलायचं कुणी, यावरून दोघांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून अण्णा आपल्या पाळीला सकाळी कमी असेल तेवढं ऑइल भरायचा आणि संध्याकाळी खालचा बोल्ट खोलून तेवढंच बाटलीत काढून घ्यायचा. आपल्या ऑइलवर मल्ल्या कोसभरही जाता कामा नये.

लालसाब मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. "सील ठणठणीत कोरडं आहे, अण्णा. मल्लिनाथनं गेल्याच महिन्यात नवं बसवून घेतलं. वर म्हणाला, अण्णाला सांगू नका, उगाच वाकड्यात शिरेल."

अण्णाच्या कपाळावरची आठी हलली नाही. "मग ऑइल जातं कुठं?"

"खालच्या बोल्टचे आटे गेलेत, तिथूनच गळतंय." मिस्त्रीनं तो तेलकट बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. "याला सारखा पाना कोण लावतंय?"

सीटखाली बाटली अर्धी भरलेली होती. अण्णानं बोल्ट मुठीत आवळला.

"मल्ल्या," तो म्हणाला. "दुसरं कोण?"