गुठळी का होते

रंगाच्या कारखान्यात माझं काम एकच, डब्यातल्या रंगात गुठळ्या का झाल्या ते शोधायचं. रंगाचे मोठे कण काही एकमेकांना ओढत नाहीत. रंग दाट व्हावा म्हणून घातलेले बारीक रेणू त्यांच्याभोवती गर्दी करतात. दोन मोठे कण चिकटून बसले, की या बारक्यांना हिंडायला जागा वाढते. म्हणून ती गर्दीच मोठ्यांना एकमेकांवर ढकलते. गर्दी कमी केली, की गुठळी आपोआप सुटते.

घरी माझी आई आणि सासूबाई एकमेकींशी धड बोलत नाहीत. तरी रोज संध्याकाळी माझी दोन आणि जावेची दोन पोरं सोफ्यासकट खोलीभर पसारा मांडतात, तेव्हा दोघी खिडकीजवळच्या बाकड्यावर खेटून बसलेल्या असतात.

"बघ, गट्टी जमली," नवरा म्हणाला.

"गट्टी कसली? पोरांनी कोपऱ्यात ढकललंय त्यांना. सुट्टीत पोरं आत्याकडे जाऊ देत, मग बघ."

पोरं गेली. संध्याकाळी कामावरून आले, तर सोफा मोकळा, खुर्च्या मोकळ्या, आणि दोघी त्याच बाकड्यावर, तशाच खेटून.

"अहो, ऐसपैस बसा की आता," मी म्हटलं.

"मी का उठू? त्यांना सांग," आई म्हणाली.

"मी आधी बसले होते," सासूबाई म्हणाल्या, आणि आईच्या पाठीमागची उशी जरा वर सरकवली.