चोरपावलांची गाडी

जुन्या स्पोर्ट्स कारचे मालक माझ्याकडे सायलेन्सर बदलायला येतात ते आवाज वाढवायला. या साहेबांना कमी हवा होता. “गल्लीच्या तोंडाशी वळलो की घरी वर्दी पोचते. मला चोरपावलांनी जायचंय.” बायकापोरांना चकित करायचं असेल, असं समजून मी जीव ओतून नवा बसवला. जुना सायलेन्सर त्यांनी समोर उभं राहून कापायला लावला. संध्याकाळी ट्रायलला मलाही घेतलं. गाडी मांजरासारखी त्यांच्या दारात थांबली. आत टीव्ही, पोरांचा दंगा, बाईंचं खळखळून हसणं. साहेबांनी कान दिला. “बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय,” म्हणाले, आणि बेल न वाजवता किल्लीने दार उघडलं. आधी हसणं थांबलं, मग टीव्ही. थोड्या वेळाने बाई पाणी घेऊन बाहेर आल्या. गालावर बोटं उमटलेली. गाडीकडे पाहत कुजबुजल्या, “दादा, जुना सायलेन्सर फेकला नाहीत ना?”