चौसष्टच्या आत

"पाठ भिंतीला नीट टेकव," शैला म्हणाली. शिवायला घेतलेला ब्लाउज बाजूला ठेवून, गळ्यातली टेप काढत ती मुलीच्या शेजारी बसली.

हवाई दलाच्या वैमानिक निवड चाचणीला अकरा दिवस उरले होते. मैथिली लेखी पास झाली होती, कॉम्प्युटरवर विमान उडवून तिचा हातही बसला होता. आज नियम पुन्हा वाचताना एक ओळ दिसली: बसल्यावर भिंतीपासून गुडघ्यापर्यंतची लांबी चौसष्ट सेंटिमीटरच्या आत हवी.

टेपवर सहासष्ट आले. शैलाने पुन्हा लावली. सहासष्टच.

फौजेत उंच पोरी लागतात, असं धरून तिनेच लेकीला आठवीपासून परसातल्या पाइपला रोज लोंबकळायला लावलं होतं. उंची वाढली तसे गल्लीत पेढेही वाटले होते. गावातल्या बायकांचे ब्लाउज तिने दोन-दोन इंच आत घेतले होते. पण मांडीच्या हाडाला टीप कुठे घालणार?

"आई, तुझी टेप किती जुनी आहे! ताणली असेल गं," मैथिली एकदम म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

टेप ताणली की आकडे लांब लांब जातात आणि माप असतं त्याहून कमीच भरतं, जास्त कधीच नाही. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला हे ठाऊक नसेल तर कुणाला?

शैलाने टेप बोटाभोवती गुंडाळली.

"असेल," ती म्हणाली. "उद्या नवी आणू."