सौद्यापुरतं बोलणं

सौद्याआधी, म्हणजे लिलावाआधी, तासगावच्या स्टँडवर एक चहा दोघांत घ्यायचा, कप धन्यकुमारचा, बशी आकारामची, आणि आज बेदाणा कितीच्या वर न्यायचा नाही ते ठरवायचं, हा दोघा व्यापाऱ्यांचा तीस वर्षांचा नेम. मग स्पर्धा आयोगाची नोटीस आली. वकील म्हणाले, "संगनमतानं भाव पाडणं कायद्याला मंजूर नाही. यापुढं सौद्याबाहेर एकमेकांशी बोलू नका." तेव्हापासून धन्यकुमारला अख्खा चहा जाईना, बशी कोरडीच राहायची. आज सौद्यात आकाराम समोर दिसला, तसं धन्यकुमारला राहवेना. "दोनशे दहा!" पलीकडून आलं, "दोनशे वीस, धनूशेट!" धन्यकुमारनं लगेच बोली वाढवली. "तीस, गड्या!" "चाळीस! बराय न्हवं?" "पन्नास! चहा ग्वाड लागंना रं." शेतकरी टाळ्या वाजवत होते, कायद्याला हवं तेच घडत होतं. माल धन्यकुमारला सुटला. तो काकुळतीनं अडत्याला म्हणाला, "पुढचा माल पुकारा की."