वादळाआधीची गाठ

नौदलातून निवृत्त झाल्यापासून बाबा घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबर एक वादळ पाजायचे. दर वर्षी लाट एका मजल्याने वाढायची. "बाबा, पाचव्या मजल्यावर गेली हो, आता लिफ्ट बसवा," असं मुलगा चिडवायचा. पुढे बाबांना मुलाची ओळख राहिली नाही. लाटांची राहिली.

परवा ते पुन्हा कॉटवरून पडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कमरेला बांधून ठेवा, नाहीतर खुबा मोडून बसतील." मुलाने जुनी चादर फाडून पट्टा केला. आता आरडाओरडा होणार म्हणून बायकोला दार लावून घ्यायला सांगितलं आणि मान खाली घालून बांधायला लागला.

"वादळ येतंय का?" बाबांनी विचारलं.

"हो," मुलगा म्हणाला. दुसरं काय सांगणार?

बाबांनी शहाण्यासारखे दोन्ही हात वर केले. समुद्र खवळला की स्वतःला बर्थला बांधून घेऊनच आडवं व्हायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यांनी गाठ ओढून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ही कसली गाठ? पहिल्या लाटेत सुटेल. नवीन दिसतोस. पुन्हा मार."

त्याने पुन्हा मारली.

"शाब्बास. घरी कोण असतं तुझ्या?"

"वडील."

 

"मग इथे काय उभा राहिलास? जा, आधी स्वतःला बांधून घे. म्हातारा वाट बघत असेल."