तांब्याची तार

पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन माई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर थबकल्या. निघायच्या दिवशीही त्यांनी कपडे धुतलेच होते. दोरी चार पावलांवर होती, पण पाय टाकायला जागा नव्हती. अंगण दरवर्षी हिरवं व्हायचं, यंदा माईंची वाटही हिरवी झाली होती.

ही वाट म्हणजे माईंचा अभिमान. मागच्या अंगणात ऊन म्हणून फिरकत नाही. दगडी फरशी कायम ओली, त्यामुळे शेवाळ नुसतं माजतं. पण दारापासून पलीकडच्या खांबापर्यंत, वाळत घालायच्या दोरीखालून, हातभर रुंदीचा पट्टा इतकी वर्षं लख्ख राहिला होता. माझ्या टाचांनी घासलाय तो, असं माई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. मी बसले की शेवाळ चढलंच म्हणून समजा.

माई काही बसल्या नव्हत्या. तरी ते चढलं होतं. परवा त्या वाटेवर त्यांचा पाय सटकला, खांब हाती लागला म्हणून निभावलं. ही बातमी त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण शेजारीण कशाला आहे? आज मुलगा आणि सून येऊन थडकले होते. पुढच्या दाराशी माईंची बॅग भरून उभी होती. घर बंद करायचं, माईंनी यापुढे त्यांच्याकडे राहायचं, असं मुलाने ठरवून टाकलं होतं. माई हो म्हणाल्या होत्या. घसरलेल्या माणसाला वाद घालता येत नाही.

सुनेने पुढे होऊन त्यांच्या हातातली बादली घेतली. ती शाळेत झाडंझुडपं शिकवायची, आणि तिची नजर कुठेही गेली की पानावर नाहीतर भिंतीवर जायची. आताही ती भिंतीपाशी थांबली.

"माई, इथं काही घासलंत का तुम्ही?"

"तिथं मरायला कोण जातंय घासायला?"

भिंत वरपासून खालपर्यंत हिरवी होती. फक्त एका खिळ्याखाली, पार जमिनीपर्यंत, शेवाळाचा मागमूस नव्हता. खिळ्याला तांब्याच्या तारेचं जुनं वेटोळं टांगलेलं होतं.

ती तार माईंच्या नवऱ्याची. ते वायरमन होते आणि दोरीच्या जागी त्यांनी ही जाडजूड तार ताणली होती. माईंनी जन्मभर तिला नावं ठेवली, कारण प्रत्येक चादरीवर तिची हिरवी रेघ उठायची. "लोकांकडे दिवे लावतात, आणि घरी हे दिवे," असं त्या म्हणत. ते हसत, राहू दे म्हणत आणि पुन्हा पेपरात तोंड घालत. दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर माईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर मुलाकडून ती तार उतरवून तिथे निळी नायलॉनची दोरी बांधून घेतली.

सून वर्गात सांगावं तसं सांगू लागली. शेवाळाला मुळं नसतात. अंगावर पडेल ते पाणी ते अंगानेच पितं. साधं पाणी मिळालं की फोफावतं, पण तांब्यावरून ओघळलेलं पाणी त्याला सोसत नाही. एवढं बोलून तिने दोरीकडे पाहिलं, मग दोरीखालच्या फरशीकडे.

माई उंबऱ्यावरच बसल्या.

या घरात आल्या त्याच वर्षी त्या इथे पडल्या होत्या. मनगट प्लास्टरमध्ये होतं तोवर कपडे नवऱ्याने धुतले. अंगभर पाणी उडवून घ्यायचे आणि साबण तसाच राहायचा. माई दारात बसून हसायच्या आणि ते मुद्दाम आणखी पाणी उडवायचे. प्लास्टर निघालं त्या दिवशी काथ्याची दोरी जाऊन तिथे तार आली होती. कामावरची उरलेली असेल, फुकटात मिळाली असेल, असं माई समजल्या. उंच इमारतींवर पडलेली वीज जमिनीत जावी म्हणून भिंतीवरून तांब्याची पट्टी उतरवायची, हे नवऱ्याचं नेहमीचं काम. त्या पट्टीखालच्या, शेवाळ न चढलेल्या भिंती त्यांनी किती पाहिल्या असतील, हे माईंच्या आज ध्यानात आलं. आणि त्यांना रागच आला.

"हे एकदा बोलले असते तर काय तोंड दुखलं असतं का?" त्या म्हणाल्या.

मुलाने सुनेकडे पाहिलं.

मग माईंनी मुलाला फावडं आणायला लावलं. उशीर होतोय, गाडी ताटकळलीय, असं पुटपुटत त्याने वाट खरवडली. ते झाल्यावर माईंनी खिळ्याकडे बोट दाखवलं. त्याने निळी दोरी सोडली आणि वेटोळं उलगडून तार दोन्ही खांबांना ताणली.

"चादरींना डाग पडतील हं, माई. मग मला बोलू नकोस."

"पडू देत."

सुनेला राहवलं नाही. शेवाळ एवढ्यात हटणार नाही, आत्ता खरवडलं तरी पुन्हा येईल, असं ती हळूच म्हणाली. "तारेचं पाणी फरशीत मुरायला एक-दोन पावसाळे तरी लागतील, माई."

माईंनी बादलीतली सगळ्यात पांढरी चादर उचलली, झटकली आणि तारेवर टाकली.

"लागू देत," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"