पाऊण तासाचा थांबा

"सर, त्या अवशेषांमधला एखादा तुकडा, कोणी बघत नसेल तर, तुम्ही खिशात घालाल का?"

गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायची ठमीची हिंमत होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ठमीने पुढच्या सीटवरून मान वळवली आणि विचारून टाकला. गाडी चालवणाऱ्या बाबांचा पाय क्षणभर ब्रेकवर गेला.

मागे बसलेल्या सरांनी चष्मा काढून पुसला. "शी. कल्पनेनेसुद्धा किळस येते मला. चोरी ती चोरीच."

"प्रश्न काय विचारतात आजकालची मुलं," शेजारच्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल पुन्हा नाकाला लावला. "ड्रायव्हर, गाडीत वास कसला येतोय हो?"

"कोंबडीखत, मॅडम. सकाळी डिकीत गोणी होती. आमच्या घरी बागेचा नाद आहे."

"मग गाडी धुवायची ना."

"धुतली की. चिवट असतो तो वास."

बाबांचा धंदा सरळ होता. एका शहरातून गिऱ्हाईक उचलायचं, दुसऱ्या शहरात सोडायचं, वाटेत जुन्या स्नानगृहाच्या अवशेषांपाशी पाऊण तास थांबायचं. बाबा गाडीपाशी थांबत. सुट्टी असली की गिऱ्हाइकांना आत फिरवून आणायचं काम ठमीचं.

आजचं गिऱ्हाईक मात्र साधं नव्हतं. सर इतिहासाच्या मोठ्या संस्थेचे प्रमुख होते. त्या संस्थेचा फोटो ठमीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. शाळा संपली की तिला तिथेच जायचं होतं, आणि कोणाला घ्यायचं ते सर ठरवत.

अवशेषांपाशी ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच उतरली. गरम पाण्याची खोली, गार पाण्याची खोली, पाणी वाहून जायचे पाट. खांबांना चघळलेलं च्युइंगम चिकटलेलं. हौदात संत्र्याची सालं, शेळ्यांच्या लेंड्या आणि कोणाचा तरी एकच मोजा. दगडी शौचकुपांची रांग पाहून मॅडम म्हणाल्या, "शेजारी शेजारी बसायचे? सगळे?"

"गप्पा मारत बसायचे," ठमी म्हणाली.

मॅडमना मळमळलं. त्या गाडीकडे परत गेल्या.

सर हसले. "तुला बरंच ठाऊक आहे. आमच्याकडे ये शिकायला. अर्ज दे, बाकीचं मी बघतो." त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. ठमीने ते दोन्ही हातांनी घेतलं. मैत्रिणींना सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता.

"या बाजूनेही बघा ना सर," ती म्हणाली आणि त्यांना मागच्या पडक्या भिंतीकडे घेऊन गेली.

तिथे सर एकदम वाकले. मातीतून त्यांनी तळव्याएवढा खापराचा तुकडा उचलला. त्यावर कोरलेल्या त्रिकोणांची एक ओळ होती. त्यांनी तो उन्हात धरला, अंगठ्याने घासला आणि जीभ लावून चाटला.

ठमी एक पाऊल मागे सरकली.

"जिभेला चिकटतो," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "कमीत कमी दोन हजार वर्षं. आणि हे त्रिकोण पाहिलेस? असा हात आता कोणाचा राहिलेला नाही." त्यांनी तो पुन्हा चाटला, या खेपेला दुसऱ्या बाजूने.

"नक्की, सर?"

"बाळा, तीस वर्षं हेच करतोय मी."

मग ते म्हणाले, "असो. जिथली वस्तू तिथेच राहायला हवी." त्यांचा हात हवेत फिरला. भिंतीपलीकडे काहीतरी टपकन पडलं. तो नुसता खडा होता. ठमीने दुसरा हात कोटाच्या खिशात जाताना पाहिला होता.

तिला शिसारी आली. एवढा मोठा माणूस. इतका शिकलेला.

गाडीपाशी बाबांनी दार उघडून धरलं. "सापडलं काही, सर?"

"छे हो. काय सापडणार?" सर खिशावर हात ठेवून बसले. दुसऱ्या शहरात उतरताना मात्र ते म्हणाले, "परतीलाही तुम्हीच या." बाबांनी आरशात पाहून मान हलवली.

रिकामी गाडी घेऊन दोघं परत निघाले. बाबांनी दोनदा रेडिओ लावला, दोनदा बंद केला.

घरी पोचल्यावर तिने साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. ते कार्ड तिने टेबलाच्या कडेला ठेवलं, मेलेलं झुरळ मिशीला धरून ठेवावं तसं. आई मागच्या दारातून मातीचे हात घेऊन आत आली.

"काय म्हणाले सर? घेतात ना?"

"घेतायत. आई, बाबा, दोघंही ऐका. मी तिथे शिकायला जाणार नाही."

आई जागीच थांबली. "अगं, वर्षभर तेच नाव घोकत होतीस ना?"

"त्यांनी उचलला म्हणून?" बाबा हळूच म्हणाले. "सगळेच उचलतात, ठमे. तुला काय माहीत नाही?"

"उचलू दे की, गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडेच यावं म्हणून तर ठेवतो आपण ते तुकडे," ठमी म्हणाली. "पण आईची फुटकी कुंडी, तीन महिने कोंबडीखतात मुरलेली, दोन्ही बाजूंनी चाटून त्यांनी ती दोन हजार वर्षांपूर्वीची ठरवली. ते त्रिकोण मी गणिताच्या तासाला कर्कटकाने कोरलेत. असल्या माणसाकडून मी इतिहास शिकणार नाही."